मावशीचं अर्धं वाक्य

गावाने माझ्या मावशीला सरपंचपदावरून काढलं ते तिच्याच आवाजाच्या जोरावर. तो आवाज मोबाइलमध्ये भरला होता मी, आणि त्याचे तुकडेही केले होते मीच. एवढं पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. नाहीतर पुढे सांगताना मी पुन्हा मागेपुढे करीन. त्या वेळीही मी तेच केलं होतं.

ती माझी सख्खी मावशी नव्हती. चंद्रपूरकडच्या सावली तालुक्यातल्या आमच्या गावात मधोमध मोठा तलाव, मातीच्या पाळीने अडवलेला, पाणी सोडायला पाळीत एक लाकडी दार. तलावाच्या एका अंगाला ढिवरांचा मोहल्ला, मासेमारीवर जगणारा. दुसऱ्या अंगाला आमची, शेतकऱ्यांची घरं आणि त्यांच्या मागे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं. मावशी ढिवरांची. पण रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत तिकडच्या बाया मजुरीला आमच्या बांध्यांत यायच्या. चिखलात पाय रोवून माझ्या आईच्या शेजारी वाकलेली असायची ती. दोघींची अशी मैत्री जमली की त्या एकमेकींच्या सुपारीवर हक्क सांगायच्या.

मी नववीत असताना आई वारली. तेरवीनंतर पाहुणे पांगले. बाबांना चूल पेटवण्यापलीकडे काही येत नव्हतं. चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी मावशी मासे विकायची टोपली डोक्यावर घेऊन आमच्या ओसरीवर आली. टोपलीत एका बाजूला मासे होते आणि दुसऱ्या बाजूला पितळी डब्यात भात आणि झिंग्यांचं कालवण.

"जेव बाबू," ती म्हणाली. "डबा खाली करून दे, मले पुढं जायचं हाय."

मी दहावी होईपर्यंत तो डबा येत राहिला. गल्लीतल्या काहींना ढिवरांच्या घरचं अन्न आमच्या ओसरीवर रोज येतं हे खटकायचं. बाबा त्यांना म्हणायचे, "तुमच्या घरचा आला असता त तो खाल्ला असता."

पुढे मी नागपूरला मोबाइल दुरुस्तीचं शिकलो आणि गावच्या बस थांब्यावर टिनाचं दुकान टाकलं. दोन हजारनंतरची सात-आठ वर्षं उलटली होती. शेजारच्या गावात टॉवर उभा राहिला आणि वर्षभरात घरटी नाही तरी दोन घरांआड मोबाइल आला. माझ्याकडे जुना कॉम्प्युटर होता. लोक मेमरी कार्ड घेऊन यायचे, मी त्यात झाडीपट्टीच्या नाटकांतली गाणी भरून द्यायचो. एकाने भरलं की दुसरा त्याच्याकडून ब्लूटूथने घ्यायचा. पानठेल्यावर दोघं जण मोबाइलला मोबाइल लावून उभे दिसले की समजायचं, काहीतरी एकाचं दुसऱ्याकडे चाललंय. आज प्रत्येक मोहल्ल्याचा वेगळा ग्रुप आहे आणि गावातलं सगळं राजकारण त्यात चालतं. तेव्हा ग्रुप नव्हते, पण आमच्या गावात त्याची सुरुवात त्या पानठेल्यावर झाली होती, असं मला वाटतं.

त्याआधी ग्रामपंचायतीची गोष्ट गावात कशी फिरायची? कोतवाल दवंडी द्यायचा. कोणाला पटलं नाही तर तो सरळ त्या माणसाच्या दारात जायचा. शिव्या द्यायच्या तरी तोंडासमोर उभं राहूनच द्याव्या लागत. समोरचा दोन उलट द्यायचा, शेजारचे मध्ये पडायचे आणि कुणाच्या तरी घरी काळा चहा व्हायचा. भांडणं मिटायचीच असं नाही, पण कोण काय म्हणालं यावर कधी वाद होत नसे.

मोबाइल आले त्याच सुमाराच्या निवडणुकीत सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. ढिवरांनी मावशीला उभं केलं. आमच्या बाजूनेही एकाने आपल्या बायकोला सदस्य म्हणून निवडून आणलं होतं आणि तिलाच सरपंच करायचा त्याचा विचार होता. पण आमच्याच बाजूच्या दोन सदस्य बाया मावशीकडे वळल्या. रोवणीत तिच्या शेजारी वाकलेल्या होत्या त्या. मावशी सरपंच झाली.

तिला अक्षरं लावून लावून वाचता येत होती. पंचायतीचा कागद आला की ती दुकानात यायची, बाकावर बसायची आणि म्हणायची, "वाच बाबू. हळू वाच, मी डोक्यात ठेवतो." आमच्याकडच्या कितीतरी बाया बोलताना अशा 'ठेवतो', 'जातो' म्हणतात. मी वाचायचो. एकदा वाचलेलं ती विसरत नसे. सभेत ग्रामसेवक काही गाळायला लागला की ती म्हणायची, "साहेब, तिसऱ्या पानावर आजून एक गोष्ट हाय, ते सांगा ना." लोक हसायचे. ग्रामसेवकही हसायचा आणि तिसरं पान काढायचा.

तिच्या कारभाराच्या दुसऱ्या वर्षी भादव्यात पाऊस तुटला. धान निसवायला आला होता. लोंबी बाहेर पडते तेव्हा धानाला पाणी लागतंच, नाहीतर दाणे पोचट राहतात. तलावात अर्ध्याहून कमी पाणी. शेतकऱ्यांचं म्हणणं, सगळं सोडा. ढिवरांनी त्याच पावसाळ्यात तलावात मत्स्यबीज टाकलं होतं. बोटाएवढी पिल्लं नुकती वीतभर झाली होती. त्यांचं म्हणणं, थेंब सोडायचा नाही.

शाळेच्या आवारात ग्रामसभा भरली. एवढी माणसं मी ग्रामसभेला पुन्हा कधी पाहिली नाहीत. माझ्याकडे नुकताच कॅमेऱ्याचा मोबाइल आला होता. माझी मावशी एवढ्या लोकांसमोर बोलणार, म्हणून मी अगदी पुढे जाऊन, हात लांब करून तिचं भाषण भरून घेतलं. तिने ते पाहिलं. बोलता बोलता एकदा पदर नीट केला तिने, फोटो काढायला उभं राहतात तसा.

ती म्हणाली, "पाणी कमी हाय, हे मले दिसते. सकाळीच मी पाळीवर जाऊन पाहून आलो. शेतकरी भाऊ म्हणतात, सारं सोडा. आमच्या मोहल्ल्यातले लोकं मले म्हणतात, धान मेला त मरू दे, पर तलावाच्या दाराले हात लागू देनार नाई."

एवढं बोलली आणि गोंधळ उडाला. ढिवरांकडून टाळ्या, आमच्याकडून आरडाओरडा. मावशी थांबली. कोणालाही गप्प बसा म्हणाली नाही, नुसती उभी राहिली. बराच वेळ गेला. आवाज खाली बसल्यावर ती पुढे म्हणाली, "मी त्याइले इचारलं, धान मेला त मासोऱ्या कायच्यासंगं खासान? आन तुमाले इचारतो, मासोऱ्या मेल्या त आमच्या लेकरायनं कोनाच्या दारात जावं? मी दोघाइची सरपंच हाय. अर्धं पाणी सोमवारी सोडू, अर्धं ठेवू. दोन्हीकडचे दोन-दोन माणसं दारापाशी उभे राहतीन."

आमच्या बाजूचे एक म्हातारे उठून म्हणाले, "बाईचं बरोबर हाय." हात वर झाले. ठराव लिहिला गेला. त्या दिवशी घरी जाताना माझी छाती फुगली होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात जो येईल त्याला मी ते भाषण दाखवत होतो. माझा एक वर्गमित्र आला. ज्याच्या बायकोचं सरपंचपद हुकलं होतं, त्याचा हा धाकटा भाऊ. म्हणाला, "मले दे ना गा." फाइल मोठी होती, त्याच्या मोबाइलला जाईना. मग मी कॉम्प्युटरवर तिचे तीन तुकडे केले. कुठे कापतोय ते ऐकलंही नाही, नुसत्या लांबीवर कापले. पहिला तुकडा "मले म्हणतात" या शब्दांवर संपला. दुसरा सुरू झाला "धान मेला त मरू दे" पासून, आणि त्यानंतर सगळा गोंधळ आणि टाळ्या. तिचं उत्तर तिसऱ्यात गेलं.

त्याने पुढे फक्त दुसराच तुकडा दिला. मुद्दाम दिला, की ज्याला दिला त्याच्या मोबाइलमध्ये तेवढाच मावत होता, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. त्याला मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही विचारलं गेलं असतं.

दोन दिवसांत तो तुकडा पानठेल्यावर होता, चक्कीवर होता, सावलीला जाणाऱ्या बसमध्ये होता. ठरावाच्या वेळी हात वर केलेली माणसंही तो ऐकून म्हणायला लागली, "पाहा, बोलली होती ना?" मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. सभेत माझ्या शेजारी बसलेला, सगळं भाषण कानाने ऐकलेला माणूस तो तुकडा चार वेळा लावून म्हणाला, "आपल्याले त्या दिवशी समजलंच नाई."

मावशीचं घर पानठेल्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. एकही जण तिच्या दारात भांडायला गेला नाही.

तिच्याकडे मोबाइल नव्हता. तिला काही ठाऊकच नव्हतं. ती टोपली घेऊन आमच्या मोहल्ल्यात आली तर बाया म्हणाल्या, आज नको. दुसऱ्या दिवशीही आज नको. तिसऱ्या दिवशी ती टोपली घेऊनच माझ्या दुकानात आली. मासे तसेच होते, वरची ओली पानं सुकली होती.

"बाबू, लोकं माह्याशी बोलून नाई राह्यले," ती म्हणाली. "माहं काही चुकलं का? तुह्या कानावर काही आलं का?"

मी एका मोबाइलचं झाकण उघडून बसलो होतो. मान वर केली नाही.

"नाई मावशे," मी म्हणालो. "काही नाई आलं."

ती थोडी बसली. उठताना म्हणाली, "तुह्या आईले माहीत असतं त तिनं सांगतलं असतं." रागाने नव्हे. तिला खरंच तसं वाटत होतं.

ती गेल्यावर मी ती अख्खी फाइल लोकांना द्यायचा प्रयत्न केला. कार्ड भरायला आलेल्याच्या गाण्यांत न विचारता टाकून दिली. लोक परत यायचे. "भाऊ, हे काय भरलं? मोठं हाय, जागा खाऊन राह्यलं. काढ." मी म्हणायचो, पूर्ण ऐका. एकाने ऐकलं आणि म्हणाला, "हे मागून भरलं असंन तिनं." मी म्हणालो, अरे, मीच भरलंय. त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू त तिचाच हायस."

आणि तिच्या मोहल्ल्यातही कुठे सगळं ठीक होतं? त्यांना तो तुकडा आवडला होता. ती आपल्यासाठी लढतेय असं त्यांना वाटत होतं. त्यामुळे सोमवारी अर्धं पाणी सोडायचं म्हटल्यावर ते तिच्यावर उलटले. "मोबाइलमदी एक, आन आता एक?"

सोमवार उजाडायच्या आधीच, रविवारी दुपारी आमच्या बाजूची तीस-चाळीस माणसं कुदळी, पहारी घेऊन तलावावर गेली. ओरडा ऐकून मी दुकान उघडं टाकून धावलो. पाळीवर दोन्हीकडचे लोक जमले होते. मावशी तलावाच्या दारापुढे कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. लुगडं फुगून तिच्याभोवती गोल झालं होतं.

"अर्धं ठरलं होतं ना भाऊ," ती म्हणत होती. "सोमवारी ठरलं होतं. तुमी हात वर केले होते."

"तूच म्हनली, धान मेला त मरू दे," कोणीतरी ओरडलं.

"मी? कोन म्हनलं असं?"

"तूच म्हनली. आमच्यापाशी हाय."

पाळीवरून एकाने मोबाइल उंच धरला आणि आवाज मोठा केला. तिचाच आवाज पाण्यावरून गेला. धान मेला त मरू दे, पर तलावाच्या दाराले हात लागू देनार नाई. मग टाळ्या.

ती ऐकत राहिली. आपला आवाज बाहेरून तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला असेल. संपल्यावर ती म्हणाली, "आवाज माहाच हाय. पर हे बोलणं माहं नाई."

कोणी हसलं. तिने मान वळवून पाळीवर पाहिलं, एकेक चेहरा पाहत आली आणि माझ्यापाशी थांबली. सभेत अगदी पुढे हात लांब करून कोण उभं होतं, हे तिला आठवत होतं. अख्खं भाषण त्या क्षणी माझ्या खिशात होतं. मला फक्त चार पावलं पुढे जायचं होतं आणि म्हणायचं होतं, मी भरलं, मी कापलं, हे घ्या पूर्ण. माझ्या बाजूला माझे चुलते होते, हातात पहार घेऊन. मागे माझं दुकान होतं, ज्यात उद्या हेच लोक येणार होते.

मी खाली पाहिलं.

तिने माझं नाव घेतलं नाही. थोड्या वेळाने पाण्यातून बाजूला झाली, आणि तिच्या मोहल्ल्यातल्या दोघांनी तिला हात देऊन वर घेतलं.

दार उघडलं ते लोकांना बंदच करता आलं नाही. जुनं लाकूड होतं, पहारीने फुटलं. दाराजवळच्या बांध्या बुडाल्या, लांबच्या शेतांपर्यंत पाणी पोचलंच नाही, उरलेलं नाल्याने निघून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बांध्यांच्या चिखलात वीतभर मासे पडले होते. ढिवरांच्या बाया ते वेचायला आल्या नाहीत. बगळे आले.

महिन्याभरात अविश्वास ठराव आला. तहसीलदार पंचायतीत आले. मी अख्खं भाषण सीडीवर भरून नेलं होतं आणि दारातच त्यांच्या हातात दिलं. ते माणूस म्हणून चांगले होते. समजावून म्हणाले, "हे ऐकून मी काय करू? बाई काय बोलल्या हा आज प्रश्न नाही. सदस्यांना त्या हव्यात की नाही, एवढंच मोजायचं आहे." नऊपैकी सात हात वर झाले. त्यात तिच्या मोहल्ल्यातले दोन होते, आणि रोवणीतल्या त्या दोघीही. मावशीने अंगठा दिला नाही, अक्षरं लावून लावून सही केली आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

ती राजुऱ्याकडे मुलीच्या घरी राहायला गेली. जावई कोळसा खाणीत कामाला होता. गावात तिच्या घराचं दार तसंच ओढून घेतलेलं राहिलं. पुढच्या ग्रामसभांना बाया येईनाशा झाल्या. बोलावलं तर म्हणायच्या, "जाऊ द्या बापा, कोन काय भरून घेईन सांगता येत नाई."

मी दोन वर्षांनी तिला भेटायला गेलो. त्याआधी दोनदा बसपर्यंत जाऊन परतलो होतो. मुलीच्या घराच्या अंगणात ती तांदूळ निवडत होती. मला पाहून उठली, पाणी दिलं, आधी जेव म्हणाली. जेवताना गावातल्या एकेकाची चौकशी केली. कोणाची सून बाळंत झाली, माझ्या बाबांचा गुडघा कसा आहे, पाळीवरचं मोहाचं झाड आहे की तोडलं. ज्यांनी तिच्याविरुद्ध हात वर केले त्यांचीही.

मी ताट बाजूला सारून म्हणालो, "मावशे, ते तुकडे मी केले होते."

"माहीत हाय मले."

"मी मुद्दाम नाई केले."

"तेबी माहीत हाय." तिने माझं ताट पुन्हा पुढे सरकवलं. "भात टाकू नको."

मी चार घास खाल्ले. मग ती सुपाकडे पाहत बोलली, "त्या दिवशी पाळीवर तू बोलला असता ना, तरी लोकायनं मानलं नसतं. दार त फोडलंच असतं त्यायनं. मले माहीत हाय." तांदळातला एक खडा उचलून तिने बाजूला टाकला. "पर मले बरं वाटलं असतं, बाबू."

मी ताटातला भात संपवला. क्षमा मागायला गेलो होतो, तो शब्द तोंडातून निघाला नाही. तिनेही तो मागितला नाही.

परत निघालो तेव्हा ती रस्त्यापर्यंत पोचवायला आली. बसला उशीर होता. कोळशाचे ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकनंतर ती पदराने तोंड झाकत होती. बस आली तेव्हा ती कंडक्टरला म्हणाली, "याले चंद्रपूरले उतरवजा, पुढची सावलीची गाडी दाखवजा." मी तीस वर्षांचा होतो. कंडक्टर हो म्हणाला.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. निरोप सकाळी आला. पण राजुऱ्याच्या अलीकडे वर्धा नदीला पूर होता, पुलावरून पाणी चाललं होतं आणि बसगाड्या बंद. मी काठावर दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. मुलीने मला आत घेतलं. आई शेवटी काही बोलली का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "नाई. ताप होता. निजूनच राहे."